श्वानपिल्लाचे शौच-प्रशिक्षण

श्वानपिल्लाचे शौच-प्रशिक्षण म्हणजे घरात पाळलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला ठरावीक जागी आणि शक्यतो ठरावीक वेळी मलमूत्र विसर्जन करण्याची सवय लावणे होय. बोलीभाषेत यास ‘शी-शूची सवय लावणे’ किंवा ‘टॉयलेट ट्रेनिंग’ असे म्हणतात. पिल्लू घरी आणल्या दिवसापासून या प्रशिक्षणास आरंभ करतात आणि सर्वसाधारणपणे ते चार ते सहा महिन्यांच्या वयापर्यंत बऱ्याच अंशी पूर्ण होते. काही पिल्लांना, विशेषतः लहान चणीच्या जातींना, वर्षभराचा काळही लागू शकतो.

हे प्रशिक्षण मुख्यतः पिल्लाच्या शरीरधर्मावर आणि पालकाच्या नियमितपणावर अवलंबून असते. घरात घाण करणे हे पाळीव कुत्रे टाकून देण्यामागील किंवा निवाऱ्यात आणून सोडण्यामागील नेहमीच्या कारणांपैकी एक असल्याने या विषयाला केवळ घराच्या स्वच्छतेपुरते नव्हे, तर प्राण्याच्या भवितव्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

## पार्श्वभूमी

वाडा, शेतघर किंवा अंगण असलेल्या घरांत कुत्रा पूर्वापार उंबरठ्याबाहेर राहत आला. त्याला राखणीसाठी पाळले जाई आणि त्याचे विसर्जन परड्यात किंवा रानात होत असे. अशा राहणीत शौच-प्रशिक्षणाची स्वतंत्र गरज भासत नसे. शहरांतील सदनिकांमध्ये मात्र कुत्रा चोवीस तास माणसांबरोबर एकाच छपराखाली राहतो. दार बंद असते, जमीन फरशीची असते आणि मोकळी जागा अनेक मजले खाली असते. या बदललेल्या राहणीमुळे पिल्लाला जागा ‘शिकवणे’ आवश्यक झाले.

## शारीरिक व वर्तनशास्त्रीय आधार

### जन्मानंतरचे पहिले आठवडे

नवजात पिल्लाला स्वतःहून मलमूत्र विसर्जन करता येत नाही. आई त्याच्या पोटाचा खालचा भाग व गुदद्वाराजवळची जागा चाटते. त्या स्पर्शामुळे विसर्जनाची प्रतिक्षिप्त क्रिया घडते. बाहेर पडलेले मलमूत्र आईच चाटून टाकत असल्याने बसण्याची जागा कोरडी राहते. आईविना सापडलेल्या रस्त्यावरील लहान पिल्लांना वाचवताना हे ज्ञान अत्यावश्यक ठरते. प्रत्येक दूध पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने तीच जागा हळुवार पुसावी लागते, अन्यथा मूत्राशय तुंबून पिल्लाच्या जिवावर बेतू शकते.

सुमारे तीन आठवड्यांच्या वयात डोळे व कान उघडलेले असतात, पिल्लू चालू लागते आणि विसर्जनासाठी झोपण्याच्या जागेपासून थोडे दूर सरकते. झोपण्या-खाण्याची जागा स्वच्छ ठेवण्याची ही उपजत प्रवृत्ती सर्व शौच-प्रशिक्षणाचा पाया आहे.

### जागेची व पृष्ठभागाची निवड

अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या सामाजिक वर्तनावर दीर्घकाळ संशोधन केले. त्यांचा याविषयीचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. पिल्ले साधारण आठ ते नऊ आठवड्यांच्या वयात विसर्जनासाठी विशिष्ट जागा वापरू लागतात, असे अशा निरीक्षणांतून दिसून आले. याच काळात पायाखालच्या पृष्ठभागाची आवडही पक्की होत जाते. मातीवर वाढलेले पिल्लू माती शोधते, तर वर्तमानपत्रावर वाढलेले पिल्लू कागद शोधते.

द्रव शोषून घेणाऱ्या मऊ पृष्ठभागाकडे पिल्लांचा ओढा अधिक असतो. त्यामुळे गुळगुळीत फरशी सोडून पायपुसणे, सतरंजी किंवा गोधडी यांची निवड होताना दिसते. हा खोडसाळपणा नसून मऊ, शोषक जागेची नैसर्गिक पसंती आहे. प्रशिक्षणाच्या काळात अशा वस्तू गुंडाळून ठेवल्यास निम्मे काम सोपे होते.

जन्मापासून अरुंद पिंजऱ्यात ठेवलेल्या पिल्लांना घाणीपासून दूर जाण्याची संधीच मिळत नाही. त्यांची ही उपजत प्रवृत्ती बोथट होते आणि त्यांना शिकवणे अधिक वेळखाऊ ठरते. पिल्लू घेताना ते कोणत्या जागेत वाढले हे पाहणे त्यामुळे महत्त्वाचे असते.

### धारणक्षमता

पिल्लाचे मूत्राशय लहान असते आणि त्यावरील ऐच्छिक नियंत्रण वयानुसार हळूहळू विकसित होते. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवून येणारी संख्या म्हणजे ते जागेपणी जास्तीत जास्त किती तास थांबू शकेल, असा स्थूल ठोकताळा प्रशिक्षक वापरतात. यानुसार दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास आणि चार महिन्यांचे पिल्लू पाच तास थांबू शकते. ही कमाल मर्यादा आहे. खेळताना किंवा पाणी प्यायल्यावर हा अवधी अर्ध्या तासावरही येतो. झोपेत मूत्रनिर्मिती मंदावत असल्याने रात्री मात्र पिल्लू तुलनेने अधिक वेळ थांबू शकते.

अन्न जठरात पोहोचल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. ही प्रतिक्षिप्त क्रिया पिल्लांमध्ये तीव्र असते. त्यामुळे खाल्ल्यानंतर साधारण पाच ते तीस मिनिटांत पिल्लाला शौचास होते. जेवणाच्या वेळा ठरल्या की शौचाच्या वेळाही बऱ्याच अंशी ठरतात.

## प्रशिक्षणाची तत्त्वे

शौच-प्रशिक्षण हे मानसशास्त्रातील साधक अभिसंधानाच्या तत्त्वावर आधारलेले आहे. ज्या कृतीनंतर लगेच सुखद परिणाम मिळतो ती कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, हे तत्त्व एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांडले आणि बी. एफ. स्किनर यांनी पुढे विकसित केले. व्यवहारात यातून पुढील चार गोष्टी निष्पन्न होतात.

* देखरेख: पिल्लू जागे असताना ते नजरेसमोर असावे. नजर ठेवणे शक्य नसेल तेव्हा ते मर्यादित जागेत असावे.
* नियमितपणा: खाणे, झोपणे, खेळणे व बाहेर नेणे यांच्या वेळा रोज सारख्या असाव्यात.
* तत्काळ बक्षीस: विसर्जन पूर्ण होताच, त्याच जागी, दोन-तीन सेकंदांच्या आत शाबासकी व खाऊ द्यावा. घरात परतल्यावर दिलेला खाऊ पिल्लाच्या लेखी घरात येण्याबद्दलचा ठरतो.
* एकवाक्यता: घरातील सर्वांनी एकच जागा आणि एकच शब्द वापरावा. एकाने ‘शू कर’, दुसऱ्याने इंग्रजी शब्द आणि तिसऱ्याने नुसती शीळ वापरल्यास पिल्लाला कोणताच संकेत उमगत नाही.

## पद्धती

### वेळापत्रक पद्धती

ही सर्व पद्धतींची मूळ पद्धती होय. पिल्लाला पुढील प्रसंगी नेमक्या जागी नेले जाते:

* सकाळी जाग येताच आणि दिवसातील प्रत्येक झोपेनंतर;
* प्रत्येक जेवणानंतर व भरपूर पाणी प्यायल्यावर;
* खेळ संपल्यावर, तसेच लांबलेल्या खेळाच्या मध्येही;
* पाहुणे आल्यानंतरच्या उत्साहाच्या भरात;
* रात्री झोपण्यापूर्वी आणि लहान पिल्लाच्या बाबतीत मध्यरात्री एकदा.

दोन महिन्यांच्या पिल्लाच्या बाबतीत हे दिवसाकाठी दहा-बारा वेळाही होते. पिल्लाला पट्टा लावून एकाच जागी पाच मिनिटे शांतपणे उभे राहावे लागते. विसर्जन सुरू होताच ठरलेला शब्द हळू आवाजात उच्चारतात आणि ते संपल्यावर बक्षीस देतात. काही न घडल्यास पिल्लाला घरात आणून कडेवर किंवा जवळ ठेवतात व दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा नेतात. काम उरकताच लगेच घरात परत आणल्यास विसर्जन म्हणजे फिरण्याचा शेवट, असे पिल्लू शिकते आणि विसर्जन लांबवू लागते. त्यामुळे काम झाल्यावर थोडे फिरवणे किंवा खेळवणे हिताचे असते.

जमीन हुंगत गोल फिरणे, खेळता खेळता एकदम थांबणे, दाराकडे किंवा कोपऱ्याकडे जाणे, अस्वस्थपणे कुईकुई करणे ही विसर्जनापूर्वीची नेहमीची चिन्हे आहेत.

### कागद किंवा पॅड पद्धती

उंच इमारतींत राहणाऱ्यांसाठी तसेच लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लांसाठी ही पद्धती वापरतात. गॅलरी, मोरी किंवा न्हाणीघराच्या एका कोपऱ्यात वर्तमानपत्राचे जाड थर, शोषक पॅड किंवा मातीचा उथळ ट्रे ठेवतात. आरंभी मोठा भाग झाकून नंतर तो क्रमाक्रमाने कमी करतात. बदललेल्या कागदांखाली आधीच्या ओल्या कागदाचा लहान तुकडा ठेवल्यास वासामुळे जागा ओळखणे सोपे जाते.

या पद्धतीची उणीव अशी, की पिल्लाला ‘घरात चालते’ हे आधी शिकवून नंतर ‘बाहेरच’ हे शिकवावे लागते. शिवाय कागदाची सवय लागलेले पिल्लू जमिनीवर पडलेल्या कोणत्याही वर्तमानपत्राला आपली जागा समजू शकते. पुढे बाहेर न्यायचे असल्यास ट्रेमध्ये आरंभापासूनच माती किंवा हिरवळीचा तुकडा ठेवणे अधिक सोयीचे ठरते.

### पिंजरा पद्धती

पिल्लाला उभे राहता, वळता व पाय पसरून झोपता येईल एवढ्याच आकाराचा पिंजरा त्याची झोपण्याची जागा म्हणून वापरतात. झोपण्याची जागा न बिघडवण्याच्या प्रवृत्तीमुळे पिल्लू थोडा वेळ थांबायला शिकते. पिंजरा फार मोठा असल्यास पिल्लू एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात विसर्जन करते, त्यामुळे हेतू साधत नाही.

पिंजऱ्याचा उपयोग शिक्षा म्हणून करणे किंवा धारणक्षमतेपेक्षा अधिक वेळ पिल्लाला कोंडणे अपायकारक असते. नाइलाजाने पिंजऱ्यातच विसर्जन करावे लागलेल्या पिल्लाची स्वच्छतेची प्रवृत्ती मोडते. स्वीडन व फिनलंड या देशांत घरात कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवण्यावर कायदेशीर निर्बंध आहेत. पिंजऱ्याऐवजी जाळीच्या फाटकाने बंद केलेला खोलीचा कोपराही वापरला जातो.

### घंटा पद्धती

दाराच्या मुठीला पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर घंटा टांगतात. प्रत्येक वेळी बाहेर जाण्यापूर्वी पिल्लाच्या नाकाचा किंवा पंजाचा स्पर्श घंटेला होईल असे करतात. काही आठवड्यांत पिल्लू स्वतःहून घंटा वाजवून सूचना देऊ लागते. ही पूरक पद्धती असून वेळापत्रकाची जागा ती घेऊ शकत नाही.

## आहाराचा संबंध

दोन ते तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन ते चार वेळा, तर सहा महिन्यांनंतर दोन वेळा खाऊ घालतात. ताटली दिवसभर भरलेली ठेवल्यास शौचाच्या वेळा अनिश्चित होतात. दूध-पोळी किंवा दूध-भात हा अनेक घरांतील पिल्लाचा पहिला आहार असतो. परंतु आईचे दूध सुटल्यानंतर दुग्धशर्करा पचवण्याची क्षमता कमी होत जाते आणि गाई-म्हशीच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात. जुलाब होत असलेल्या पिल्लाला धारण करणे शक्य नसते. त्या काळात प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय. घरात शू होऊ नये म्हणून दिवसा पाणी तोडणे, विशेषतः उन्हाळ्यात, धोक्याचे आहे.

## घरात घडणारे अपघात

प्रशिक्षणकाळात घरात विसर्जन होणे अपरिहार्य असते. पिल्लू प्रत्यक्ष विसर्जन करताना दिसल्यास टाळी वाजवून किंवा हाक मारून त्याचे लक्ष वेधतात आणि लगेच उचलून ठरलेल्या जागी नेतात. उर्वरित विसर्जन तेथे झाल्यास शाबासकी देतात. प्रकार नंतर लक्षात आल्यास केवळ जागा साफ करतात.

कुत्र्याचे घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असते. माणसाला वास येत नसला तरी पिल्लाला जुनी जागा सापडते आणि ते तेथेच परतते. त्यामुळे सफाई करताना पुढील गोष्टी महत्त्वाच्या ठरतात:

* मूत्र आधी कागदाने किंवा फडक्याने पूर्ण टिपून घ्यावे, नंतर जागा धुवावी.
* मूत्रातील घटकांचे विघटन करणारी विकरयुक्त द्रावणे सर्वाधिक परिणामकारक असतात. ती उपलब्ध नसल्यास पाण्यात मिसळलेले व्हिनेगर वापरले जाते.
* अमोनियायुक्त द्रावणे टाळावीत. त्यांचा वास मूत्राच्या वासाशी मिळताजुळता असतो.
* फिनाइलचा उग्र वास माणसाला स्वच्छतेचा वाटतो, परंतु त्याने मूत्राचा वास केवळ झाकला जातो. शिवाय ओल्या फरशीवरील फिनाइल पंजे चाटताना पिल्लाच्या पोटात जाऊ शकते.
* मूत्रावर थेट ब्लीच टाकू नये. अमोनियाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो.

## शिक्षेची निष्फळता

पिल्लाला मारणे, त्याचे नाक घाणीत घासणे किंवा बऱ्याच वेळाने रागावणे हे प्रकार रूढ असले तरी वर्तनशास्त्राच्या दृष्टीने ते निरुपयोगी व हानिकारक आहेत. कृती व परिणाम यांत काही सेकंदांपेक्षा अधिक अंतर पडल्यास पिल्लाला त्यांचा संबंध लावता येत नाही. विसर्जन करतानाच शिक्षा झाल्यास ‘येथे करू नये’ याऐवजी ‘माणसासमोर करू नये’ असा धडा पिल्लू घेते. असे पिल्लू बाहेर पट्ट्याला बांधलेले असताना विसर्जन टाळते आणि घरी आल्यावर पलंगाखाली किंवा सोफ्यामागे उरकते. पालक मग त्याला लबाड ठरवतो आणि शिक्षा वाढवतो.

‘आपण चुकलो हे त्याला ठाऊक असते, म्हणून ते मान खाली घालते’ हा समज सर्वत्र आढळतो. अमेरिकन संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या १४ कुत्र्यांवरील प्रयोगात या समजाची तपासणी केली. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही यापेक्षा मालक रागावला की नाही यावर तो ‘अपराधी’ चेहरा अवलंबून असल्याचे त्यात आढळले. मान खाली घालणे, कान पाडणे, नजर चुकवणे ही समोरच्याचा राग शमवण्याची देहबोली होय. अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात कुत्र्यांच्या सर्व प्रकारच्या प्रशिक्षणासाठी बक्षीसाधारित पद्धतींचीच शिफारस केली आहे.

## सवय न लागण्याची इतर कारणे

योग्य प्रयत्नांनंतरही प्रगती होत नसल्यास किंवा सवय लागलेला कुत्रा पुन्हा घरात विसर्जन करू लागल्यास पुढील कारणांचा विचार केला जातो:

* मूत्रमार्गाचा संसर्ग: थोडी थोडी, वारंवार व कुंथून शू होते. कधी त्यात रक्त दिसते.
* जन्मजात दोष: मूत्रवाहिनी मूत्राशयाऐवजी दुसरीकडे उघडत असल्यास सतत गळती होते. हा दोष माद्यांमध्ये अधिक आढळतो.
* जंत व पचनाचे विकार: यांत शौचावर नियंत्रण राहत नाही.
* नम्रतादर्शक मूत्रविसर्जन: कोणी अंगावर वाकले किंवा आवाज चढवला की पिल्लू दबून शू करते. रागावल्याने हा प्रकार वाढतो.
* उत्तेजनामुळे होणारे मूत्रविसर्जन: मालक घरी आल्याच्या आनंदात थोडी शू होते. वयानुसार हे बहुधा आपोआप थांबते.
* खूण करणे: वयात येणारे नर उभ्या वस्तूंवर पाय वर करून थोडी शू सोडतात. हे विसर्जन नसून गंधसंदेश असतो. निर्बीजीकरणामुळे अनेक नरांमध्ये त्याचे प्रमाण घटते.
* विरहाची भीती: एकटे ठेवल्यावरच घरात विसर्जन होते व सोबत भुंकणे, दार ओरबाडणे दिसते.

यांपैकी पहिल्या तीन कारणांसाठी पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

## लसीकरण व आरोग्य

पिल्लाला बाहेर नेण्याबाबत दोन हिताच्या गोष्टींत संघर्ष निर्माण होतो. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू बाधित कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो, मातीत अनेक महिने टिकतो आणि लस न मिळालेल्या पिल्लांना मारक ठरतो. याच्या प्रतिबंधक लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून साधारण सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने देतात. मात्र पृष्ठभागाची आवड पक्की होण्याचा काळ याच दरम्यान येतो. त्यामुळे लसीकरण पूर्ण होईपर्यंत गच्ची, गॅलरी किंवा भटक्या कुत्र्यांचा वावर नसलेली खासगी जागा वापरणे, हा मध्यममार्ग पशुवैद्य सुचवतात.

विष्ठेतून पसरणारा टोक्सोकारा हा गोलकृमी अनेक पिल्लांना जन्मतःच आईकडून मिळतो. त्याची अंडी मातीत काही आठवड्यांनी संसर्गक्षम बनतात व मातीत खेळणाऱ्या मुलांना बाधू शकतात. विष्ठा ताजी असतानाच उचलणे आणि पिल्लाला वेळेवर जंताचे औषध देणे हा त्यावरील उपाय होय. लेप्टोस्पायरोसिस हा रोग बाधित प्राण्यांच्या मूत्रातून पसरतो. मुंबई व कोकणात पावसाळ्यात त्याचा प्रादुर्भाव आढळतो. कुत्र्यांसाठी त्याची लस उपलब्ध आहे. पिल्लाचे मूत्र साफ करताना हातमोजे वापरणे व नंतर हात साबणाने धुणे इष्ट असते.

## महाराष्ट्रातील पावसाळा

जून ते सप्टेंबर हा काळ प्रशिक्षणात खंड पाडणारा असतो. अनेक पिल्ले ओल्या जमिनीवर पाय टेकवण्यास नाखूश असतात, तर मुसळधार पावसाने ओळखीच्या जागेचा वासच धुऊन जातो. पाऊस थांबण्याची वाट पाहत राहिल्यास वेळापत्रक कोलमडते. इमारतीच्या खालील वाहनतळाशेजारची मोकळी माती, छत असलेला कोपरा किंवा गॅलरीतील मातीचा ट्रे अशी पर्यायी जागा पावसाळ्यापूर्वीच ओळखीची करून ठेवल्यास ही अडचण टळते. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या डांबरी रस्त्यावर पंजे भाजत असल्याने सावलीतील मातीची जागा निवडावी लागते.

## कायदेशीर व सामाजिक बाजू

भारतात श्वानप्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाच्या विक्रीस मनाई आहे. आई व भावंडांच्या सहवासात मिळणारे स्वच्छतेचे पहिले धडे यामुळे पिल्लाला मिळू शकतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, तसेच उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हे गुन्हे आहेत. पिल्लू ‘घाण करते’ हे त्याला रस्त्यावर सोडण्याचे वाजवी कारण ठरत नाही.

भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. त्याच वेळी सार्वजनिक जागेतील विष्ठा उचलण्याची अपेक्षा पालकांकडून केली जाते. न्यूयॉर्क शहरात कुत्र्याची विष्ठा उचलणे १ ऑगस्ट १९७८ पासून कायद्याने बंधनकारक झाले आणि पुढे जगातील अनेक शहरांनी तसे नियम केले. गृहनिर्माण संस्थांतील शेजाऱ्यांचे बहुतेक वाद जिना, उद्वाहक व वाहनतळ यांतील घाणीवरून उद्भवतात. त्यामुळे सोबत कागद व पिशवी ठेवणे हा प्रशिक्षणाचाच भाग मानला जातो.

## प्रौढ कुत्र्यांचे प्रशिक्षण

रस्त्यावरून दत्तक घेतलेल्या किंवा आयुष्यभर बाहेर बांधलेल्या प्रौढ कुत्र्यालाही हीच पद्धती लागू पडते. मूत्राशयावरील नियंत्रण पूर्ण विकसित असल्याने असे कुत्रे पिल्लांपेक्षा अनेकदा लवकर शिकतात. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यांना मातीची सवय आधीपासूनच असते. त्यांना केवळ घराचे दार आणि बाहेर जाण्याच्या वेळा नव्याने समजून घ्याव्या लागतात. वृद्ध कुत्र्यात सुटलेली सवय ही बहुधा सांधेदुखी, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा वार्धक्यजन्य विस्मरण यांची खूण असते. अशा वेळी पुन्हा प्रशिक्षण देण्यापेक्षा उपचार करणे आणि जागा जवळ आणून देणे उपयुक्त ठरते.

## हे सुद्धा पहा

* कुत्रा
* प्राणी-वर्तनशास्त्र
* रेबीज
* लेप्टोस्पायरोसिस
* मुधोळ हाउंड